स्कार्लेटचं दुखणं

कॉलेजात असताना 'गॉन विथ द विंड' पाहिला आणि स्कार्लेट झालेल्या व्हिवियन लीच्या मी प्रेमातच पडले. तिचा जन्म १९१३चा, आपल्या दार्जिलिंगचा. तिला टीबी होता, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

१९४४मध्ये तिच्या डाव्या फुफ्फुसात टीबी सापडला. काही आठवडे हॉस्पिटलात काढले, बरं वाटलं, की बाई पुन्हा कामावर! (आपण तरी दुसरं काय करतो म्हणा.) मनाचंही दुखणं होतं. तशातच १९५१च्या सिनेमासाठी दुसरं ऑस्कर मिळवलं. १९६०मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएशी घटस्फोट झाला.

मे १९६७मध्ये टीबी उलटला. तोवर त्यावर चांगली औषधं आलेली होती. लंडनच्या घरी ती अंथरुणात विश्रांती घेत होती, नव्या नाटकाची तयारीही चालू होती. ७ जुलैच्या रात्री जोडीदार जॉन मेरिव्हेल नाटकाचा प्रयोग आटोपून आला, तेव्हा ती शांत झोपलेली. थोड्या वेळाने पाहतो तर जमिनीवर पडलेली! बाथरूमला जायला उठली असावी. फुफ्फुसं पाण्याने भरली होती. वय अवघं ५३.

दुसऱ्या दिवशी लंडनच्या नाट्यगृहांनी तासभर दिवे मालवले.