बेघर गाडगेबाबांची घरे

डोक्यावर खापराचे गाडगे, अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि हातात खराटा. गाडगेबाबांचे हे रूप आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यांच्या खराट्याची आठवण आपण चांगली ठेवली. ग्रामस्वच्छता अभियानालाच त्यांचे नाव दिले. पण त्यांच्या शिकवणीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी याच रांगेत बेघराला आसरा हेही एक कलम होते आणि त्या कलमापायी त्यांनी उभे आयुष्य वेचले, हे मात्र आपण थोडे विसरलो.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परिटाच्या घरी जन्मलेला हा डेबूजी झिंगराजी जाणोरकर. बाप दारूने लवकर गेला. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. म्हणजे दुसऱ्याच्या छपराखाली राहणे काय असते, हे डेबूला लहानपणीच कळले. तो मामाची गुरे राखी, पुढे शेतीत राबू लागला. पण मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. न वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा कागदावर उमटला, की त्याच्या पायाखालची भुई कशी सरकते, हे मला निराळे सांगावे लागत नाही.

डेबूने लग्न केले, संसार केला आणि १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडले. पुढची बारा वर्षे ते भटकत राहिले. गावात शिरायचे, रस्ते झाडायचे, भाकरी मागून खायची आणि रात्री जागा मिळेल तिथे पाठ टेकायची. तीर्थाच्या ठिकाणी गरिबाला पथारी पसरायला पडवी मिळत नाही, आणि जातीने अस्पृश्य ठरवलेल्या वारकऱ्याला तर कुणी दारातही उभे करीत नाही, हे त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. ते स्वतः त्याच धुळीत झोपत होते.

म्हणून पुढे लोक त्यांच्या कीर्तनाला लोटू लागले आणि पैसा येऊ लागला, तेव्हा तो त्यांनी लोकांच्या सोयीसाठी लावला. ऋणमोचनला पूर्णाकाठी घाट झाला. मूर्तिजापूर, नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना इतरत्र दार बंद होते त्यांच्यासाठीच होती. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. गावाकडचा माणूस खाटेवरच्या रुग्णापायी शहरात येतो आणि स्वतः फुटपाथवर आजारी पडतो, ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी या अडाणी म्हणवणाऱ्या माणसाला दिसली होती.

या सगळ्या इमारतींत बाबांचे स्वतःचे काय होते? काहीच नाही. मालकी विश्वस्तांची, हिशेब चोख. सदावर्तातले अन्नही ते खात नसत. बाहेर जाऊन भाकरी मागून आणीत. मुक्काम बहुधा आवाराबाहेर, झोपडीत नाहीतर झाडाखाली. बायको कुंताबाई आणि मुलींनाही बाबांच्या नात्याचा म्हणून वेगळा थाट मिळाला नाही. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर यातच त्या धर्मशाळा टिकण्याचे मर्म आहे. ज्या छपरावर मालकाच्या वारसांचा डोळा असतो, त्या छपराखालच्या पाहुण्याला एक दिवस बाहेर पडावेच लागते.

दुसरे मर्म असे, की नुसत्या भिंतींनी आसरा होत नाही हे त्यांना ठाऊक होते. आवार झाडलेले हवे, पाणी हवे, आंधळ्यापांगळ्यासाठी सदावर्त हवे आणि पोरांसाठी वसतिगृह, आश्रमशाळा हवी. आजची रात्र निभावली तरी उद्या पोर पुन्हा रस्त्यावर येऊ नये, अशी ही साखळी होती. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि तिला घडी मिळाली. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, प्रवासातच गेले. त्यानंतर १९८४ साली दादरला मिशनची धर्मशाळा झाली. टाटा रुग्णालयाचे कागद घेऊन येणारे कर्करोगाचे रुग्ण तिथे उतरू लागले. दवाखान्याने पाठवायचे आणि धर्मशाळेने ठेवून घ्यायचे, असा हा सरळ व्यवहार.

आता आमच्या मारेगावचा विचार करू. शेवटची एस.टी. गेली की थांब्याच्या आडोशाला कुणीतरी उरतेच. कुणी कापूस वेचायला आलेला मजूर, कुणी घरच्यांनी टाकलेली म्हातारी, कुणी भ्रमिष्ट, स्वतःचे नावही न सांगणारा. आपण भाकरी देतो, जुने ब्लँकेट देतो आणि घरी येतो. शहरांसाठी दर लाख वस्तीमागे निवारा असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली घातला. आमच्याएवढे गाव त्या हिशेबात येत नाही.

तरीही वाट आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला ताब्यात घेऊन २४ तासांत सरकारी दवाखान्यात नेणे, बेपत्ता म्हणून नोंद करणे आणि घरच्यांचा शोध घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. आमच्या भागातून पुढची वाट नागपूरच्या मनोरुग्णालयाकडे जाते. बऱ्या झालेल्यांसाठी आधाराची घरे सरकारने उभारावीत, असेही तोच कायदा सांगतो. पण ठाण्यापर्यंत त्या माणसाला कुणी न्यायचे? कागदावर नाव, पत्ता, ओळख या रकान्यांपाशी तो अडतो, तेव्हा त्याच्या बाजूला कुणी उभे राहायचे? बिनपत्त्याच्या माणसाला घराआधी एक जामीन लागतो. पैशाचा नव्हे, माणसाचा.

गाडगेबाबा असे लाखोंचे जामीन राहिले. त्यांनी नाव विचारले नाही, जात विचारली नाही, परतफेड मागितली नाही. आपल्याला धर्मशाळा बांधता यायची नाही. पण थांब्यावरच्या त्या माणसाला हाताला धरून ठाण्यापर्यंत, दवाखान्यापर्यंत चालत जाणे आणि आठ दिवसांनी पुन्हा जाऊन त्याचे काय झाले ते विचारणे, एवढे कुणालाही जमण्यासारखे आहे.