विश्लेषण : नीरा, डबल बी आणि पॅरासिटामॉल… मेटाबोलोमिक्सच्या काळात कमला सोहोनी का आठवाव्यात?

पहाटे ताडावरून उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढले की ती आंबू लागते. साखरेचे मद्यार्क होते आणि आणखी वेळ गेला की आंबट ॲसिटिक आम्ल. वसईतल्या गिरीजपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात हे कोणाला सांगावे लागत नाही. रस तोच असतो, बदलतात ते आतले रेणू. रक्त आणि लघवीतले असेच शेकडो लहान रेणू एकाच वेळी मोजून औषध कोणाला मानवेल, कोणाला बाधेल याचा अंदाज बांधण्याचे शास्त्र म्हणजे मेटाबोलोमिक्स. हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी, अन्नातले पोषक काय आणि अपायकारक काय हे शोधण्यात डॉ. कमला सोहोनी यांनी आयुष्य घालवले.

मेटाबोलोमिक्स म्हणजे काय?

शरीरात अन्न किंवा औषध गेले की पेशी त्याचे तुकडे करतात आणि नवे पदार्थ बनवतात. या चयापचयातल्या लहान रेणूंना मेटाबोलाइट म्हणतात. ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन ही रक्त तपासणीच्या अहवालातली ओळखीची नावे त्यातलीच. नेहमीच्या तपासणीत असे मोजके रेणू मोजले जातात. मेटाबोलोमिक्समध्ये मास स्पेक्ट्रोमेट्री किंवा एनएमआर या तंत्रांनी शेकडो रेणूंचा नकाशा एकदम काढला जातो. जनुके शरीरात काय घडू शकते ते सांगतात. मेटाबोलाइट प्रत्यक्षात काय घडत आहे ते दाखवतात.

औषध कोणाला बाधेल, हे कळते का?

पॅरासिटामॉलचे उदाहरण बोलके आहे. यकृत या गोळीचा बराचसा भाग निरुपद्रवी करते. थोड्या भागापासून मात्र विषारी पदार्थ तयार होतो आणि ग्लुटाथायोन तो निकामी करते. मात्रा फार झाली तर ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताला इजा होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांची लघवी गोळी घेण्यापूर्वीच तपासली गेली. आतड्यातल्या जिवाणूंमुळे तयार होणारा एक पदार्थ ज्यांच्यात जास्त होता, त्यांचे शरीर पॅरासिटामॉल वेगळ्या प्रकारे हाताळत असल्याचे दिसले. ‘प्रिसिजन मेडिसिन’ म्हणजे व्यक्तीनुसार उपचार. त्याचा एक पाया असा घातला जात आहे.

कमला सोहोनी कोण होत्या?

जन्म १९११, इंदूर. माहेरचे आडनाव भागवत. विदुषी आणि लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बेंगळूरुच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठातून पहिल्या क्रमांकाने पदवी घेतल्यावर कमलाबाईंनी १९३३ मध्ये त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रमण. अर्जदार स्त्री आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला.

प्रवेश कसा मिळाला?

कमलाबाई मागे हटल्या नाहीत. त्यांनी रमण यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच ते अधिकृत मानले जाणार. शिवाय पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान त्या विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून त्यांनी १९३६ मध्ये एमएस्सी पूर्ण केले. त्यांचे काम पाहून रमण यांनी स्त्रियांसाठी संस्थेचे दार उघडले.

बटाट्यात काय सापडले?

पुढचा टप्पा केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखवले. पेशी अन्नातून ऊर्जा काढतात तेव्हा इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे हे प्रथिन. या साखळीतली शेवटची पायरी अडली की पेशीचा श्वास थांबतो. सायनाइड मारते ते असेच. सुमारे ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

डाळी आणि नीरेचे काय?

त्या १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा येथे काम करून, १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. इथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवताना त्यांनी संशोधनासाठी रोजच्या ताटातले विषय निवडले. डबल बीसारख्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक रसाला रोखणारी प्रथिने असतात, ती त्यांनी अभ्यासली. कडधान्य भिजवून नीट शिजवण्याची घरातली रीत का योग्य, याचे कारण यात आहे. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे पृथक्करण केले. त्यात जीवनसत्त्वे आणि लोह आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृती सुधारल्याचेही दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र बरेच उशिरा हाती आले.

भेसळीविरुद्ध ग्राहकांना सजग करणाऱ्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’तही त्या सक्रिय होत्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे काम का महत्त्वाचे?

कमलाबाईंनी मेटाबोलोमिक्स केले नाही. त्यांच्या काळी घटक एकेक करून वेगळे काढावे लागत. त्यांची बरीच प्रथिनेही आजच्या व्याख्येतल्या लहान रेणूंपेक्षा खूप मोठी. पण त्यांनी केलेली निवड आजही लागू पडते. मेटाबोलाइटचे प्रमाण आहार, आतड्यातले जिवाणू आणि राहणीप्रमाणे बदलते. म्हणून परदेशातल्या नमुन्यांवरून ठरवलेली ‘सामान्य’ पातळी पालघरच्या पाड्यावरच्या मुलाला जशीच्या तशी लागू होईलच असे नाही. यंत्र कितीही अचूक असले तरी त्यात नमुना कोणाचा आहे, हा प्रश्न उरतोच. कमलाबाईंनी तपासायला घेतले ते इथले अन्न आणि इथली माणसे.