बाबासाहेबांना रात्रभर जागवणारं नसांचं दुखणं नेमकं काय असतं?

परळची बीआयटी चाळ आणि दादरच्या हिंदू कॉलनीतलं ‘राजगृह’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे मुंबईतले पत्ते सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या दुखण्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

१९४८ च्या सुरुवातीला संविधानाचा मसुदा तयार झाला, तेव्हा बाबासाहेब मधुमेहाने त्रस्त होते. पायांत कळा यायच्या, झोप लागायची नाही. इन्सुलिन सुरू होतं. उपचारासाठी ते मुंबईत डॉ. मालवणकरांकडे येत. मालवणकरांच्या सहकारी डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ ला त्यांचं लग्न झालं. त्याच पुढे माईसाहेब झाल्या.

हे दुखणं वेगळं का असतं? रक्तातली साखर वाढली की नसा खराब होतात. पायांच्या नसा सर्वात लांब, म्हणून त्रास तिथून सुरू होतो. जखम नसतानाही नस मेंदूला वेदनेचा निरोप पाठवत राहते. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही.

असं शरीर घेऊन बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडला. १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले.

गॅबापेंटिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९३ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, तीही आधी फिट्ससाठी. हे औषध आणि नंतर आलेलं प्रीगॅबालिन नसांमधून जाणारे वेदनेचे निरोप कमी करतात. मॉर्फिनसारखी औषधं कमी लागावीत म्हणून ऑपरेशनच्या वेळीही ती दिली जाऊ लागली. पण पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर तिथला फायदा थोडाच दिसला. चक्कर आणि गुंगीचा त्रास होतो. मॉर्फिनसोबत घेतल्यास, विशेषतः वयस्कर माणसांचा, श्वास मंदावू शकतो.

म्हणून मधुमेह असताना पायांची आग होत असेल, तर मेडिकलमधून पेनकिलर आणून दिवस ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. नसांची गोळी सुरू असेल, तर ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना नक्की सांगा.