इब्न नफीस : रक्ताची वाट सांगणारे हकीम

पुनावळ्याहून चाकणला शिफ्टला जाणारे आपले भाऊ माल उचलतात, तेव्हा दंडाच्या स्नायूत प्राणवायू कमी पडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यानेच तिथल्या बारीक धमन्या सैल होतात अन् रक्त कित्येक पटीने जास्त येतं. स्नायूतल्या केशवाहिन्यांमधला रक्तप्रवाह कसा नियंत्रित होतो, यावरच्या कामासाठी डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना १९२० चं नोबेल मिळालं. पण आम्हाला आज बोलायचंय ते त्यांच्याही आधीच्या हकीम इब्न नफीस यांच्याबद्दल.

१२१३ च्या सुमारास दमास्कसजवळ जन्म. तिथेच वैद्यक शिकले, मग कैरोला गेले, फिकहही शिकवायचे. हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रं आहेत, त्यातून रक्त पलीकडे जातं, असं गॅलनपासून सगळे मानत. इब्न सिनासुद्धा. तिशीच्या आसपासच्या या हकिमांनी इब्न सिनांच्याच ग्रंथावर भाष्य लिहिताना ते खोडून काढलं. एवढ्या मोठ्या उस्तादाची चूक दाखवायला जिगर लागते! पडदा जाड आहे, छिद्र नाही. रक्त फुफ्फुसात जातं, हवेत मिसळतं अन् डावीकडे परततं, असं त्यांनी मांडलं. फुफ्फुसात धमनी अन् शिरेला जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा असणार, हेही. त्या केशवाहिन्या माल्पिघींना सूक्ष्मदर्शकातून दिसल्या १६६१ मध्ये.

१२८८ मध्ये इंतकाल झाला. घर अन् किताबं त्यांनी कैरोच्या मन्सुरी शिफाखान्याला देऊन टाकली होती. ते भाष्य मात्र आपलेच लोक विसरले. १९२४ मध्ये मुहियुद्दीन तातावी या मिसरी डॉक्टरांना त्याचं हस्तलिखित सापडलं, तेही बर्लिनच्या ग्रंथालयात.