केसरबाईंची साडेतीन मिनिटं

आमच्या हॉस्टेलमध्ये रात्री जेवणानंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो, "सध्या काय ऐकतेयस?" उत्तरं रोज बदलतात. कधी अजय-अतुल, कधी रहमान, तर कधी कुणाचं तरी नाव न उच्चारता येणारं कोरियन गाणं. गेले दोन महिने माझं उत्तर मात्र एकच आहे, केसरबाई केरकर. त्यावर मैत्रिणी हसतात. म्हणून ठरवलं, की या अंकात त्यांच्याबद्दल लिहायचंच. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, शास्त्रीय संगीतातलं मला फारसं काही कळत नाही. पण मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी आहे, आणि केसरबाईंपर्यंत मी पोचले ती एका अंतराळयानामुळे!

मित्रांनो, आधी रेकॉर्ड म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती फक्त सिनेमात पाहिली असेल. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या शेलॅकच्या असत. शेलॅक म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यापासून ती मिळते. पळस तर आपल्या विदर्भाच्या रानात फाल्गुनात पेटल्यासारखा फुलतो. १९४८ साली अमेरिकेत व्हायनलची ३३ १/३ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड आली आणि हळूहळू लाखेचं राज्य संपलं. लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे तीन मिनिटांत २३४. तेवढ्यात राग बसवायचा. जो राग मैफलीत तासभर चालतो, तो २३४ फेऱ्यांत! आपल्याला पाच मार्कांच्या प्रश्नाला अर्धं पान मिळतं तसंच हे.

आता केसरबाई. त्यांचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. केसरबाई कलावंत समाजातल्या. या समाजातल्या बायकांनी देवळात आणि श्रीमंतांच्या घरी गायचं, लोकांनी गाणं ऐकायचं, वाहवा करायची, पण मान द्यायचा नाही, अशी त्या काळची रीत होती. केसरबाईंचं सगळं आयुष्य मला या एका रीतीविरुद्धची लढाई वाटतं. त्यांनी भाषणं केली नाहीत, मोर्चे काढले नाहीत. फक्त इतकं चांगलं गायल्या, की समोरच्याला मान द्यावाच लागला.

वयाच्या आठव्या वर्षी त्यांना कोल्हापूरला आणलं. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिक्षण झालं. मग परत गोवा. रामकृष्णबुवा वझे लामगावला येत, तेव्हा त्यांच्याकडे शिकणं. सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबई. मुंबईत सतारिये बरकतुल्ला खाँ, मग भास्करबुवा बखले. पण प्रत्येक वेळी काही ना काही आडवं यायचं आणि तालीम अर्धवट राहायची. विचार करा, वीस वर्षांत चार-पाच गुरू आणि एकाकडेही अभ्यासक्रम पूर्ण नाही! आपल्याकडे एका सेमिस्टरमध्ये एका विषयाचे दोन सर बदलले तरी आपण एचओडींच्या केबिनबाहेर रांग लावतो.

केसरबाईंना शिकायचं होतं ते उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे. खाँसाहेब म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. तरुणपणी त्यांचा आवाज बसला होता. जो आवाज परत आला त्याला साजेल अशी स्वतःची वेगळी गायकी त्यांनी घडवली. अवघड, अनवट राग, आणि प्रत्येक स्वर लयीच्या धाग्यात ओवलेला. ते सहजासहजी कुणाला शिकवायचे नाहीत. केसरबाईंनाही लगेच हो म्हणाले नाहीत. अटी कडक होत्या, त्या सगळ्या बाईंनी मान्य केल्या आणि १९२१ साली गंडा बांधला गेला. तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्या वयात लोक नोकरीत सेटल होतात, त्या वयात त्यांनी पुन्हा फर्स्ट इयरला अॅडमिशन घेतली. पुढची दहा-अकरा वर्षं तासन्‌तास रियाज. तोच पलटा, तीच तान, गुरूच्या मनासारखी येईपर्यंत.

१९३० च्या सुमारास त्या व्यावसायिक गायिका म्हणून पुढे आल्या आणि मग मागे वळून पाहिलं नाही. मोठमोठ्या संस्थानिकांकडे, संगीत परिषदांत त्यांचं गाणं व्हायचं. बिदागी त्या ठरवतील ती. रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या गाण्याचे चाहते होते. १९४८ साली कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना 'सुरश्री' ही पदवी दिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांना 'राज्य गायिका' केलं. केरीच्या कलावंतांच्या घरातली मुलगी राज्याची गायिका झाली. रीत मोडली ती अशी!

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. अल्लादिया खाँसाहेबांनी आयुष्यात एकही रेकॉर्ड केली नाही. १९४६ साली ते गेले, आणि त्यांचा आवाज कसा होता हे आज आपण ऐकू शकत नाही. विद्या ऐकून चोरली जाते, ही त्या काळच्या उस्तादांची धास्ती होती. केसरबाईंचाही रेकॉर्डिंगच्या बाबतीत हात आखडताच. ब्रॉडकास्ट आणि एचएमव्ही कंपन्यांसाठी त्यांनी ७८ फेऱ्यांच्या तबकड्या केल्या, पण त्यांच्या कीर्तीच्या मानाने थोड्याच. शिष्यही जवळजवळ केले नाहीत. धोंडूताई कुलकर्णी याच त्यांच्या खऱ्या शिष्या, त्याही २०१४ साली गेल्या. १९६३-६४ च्या सुमारास, आवाज साथ देत असतानाच, केसरबाईंनी जाहीर गाणं थांबवलं.

मला इथे प्रश्न पडतो. एवढ्या कष्टाने मिळवलेलं कुणी फुकटात उचलू नये, असं वाटणं चूक आहे का? हॉस्टेलवर असाइनमेंट कॉपी होतात तेव्हा आपल्यालाही राग येतोच. पण खाँसाहेबांचा आवाज कायमचा गेला, याची हळहळही तितकीच खरी आहे. दोन्ही बाजू मला पटतात. फक्त एवढं दिसतं, की केसरबाईंनी ज्या थोड्या तबकड्या केल्या, त्यातल्याच एकीने पुढचा चमत्कार केला.

१९७७ साली अमेरिकेची नासा दोन व्हॉयेजर यानं सोडणार होती. कार्ल सेगन यांच्या गटाने ठरवलं, की प्रत्येक यानावर पृथ्वीची ओळख सांगणारी एक रेकॉर्ड ठेवायची. लाखेची नाही, व्हायनलचीही नाही, तर सोन्याचा मुलामा दिलेली ३० सेंटिमीटरची तांब्याची तबकडी. वेग मिनिटाला १६ २/३ फेरे, म्हणजे लाँग प्लेच्या बरोबर निम्मा, कारण कमी जागेत जास्त मजकूर बसवायचा होता. सोबत सुई आणि ती कशी वाजवायची याच्या आकृत्या. एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागतात, हे हायड्रोजन अणूच्या एका ठराविक कालावधीच्या पटीत सांगितलंय. परग्रहावरच्या इंजिनिअरसाठी यूजर मॅन्युअलच म्हणा ना! त्यावर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यात आपली मराठीही आहे.

संगीताचे तुकडे फक्त २७. बाख, बीथोव्हन, मोझार्ट, चक बेरी, आणि भारतातर्फे एकच. रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकाने आग्रहाने नाव सुचवलं ते केसरबाईंच्या भैरवीचं, 'जात कहाँ हो'. गंमत म्हणजे तोपर्यंत ती रेकॉर्ड बाजारातून गेली होती. शोधाशोध करताना अॅन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या जुन्या खोक्यात सापडली. ती तिथून हरवली असती तर? मला वाचतानासुद्धा धडधडलं.

२० ऑगस्ट १९७७ ला व्हॉयेजर-२ उडालं, ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१. त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंचं निधन झालं. गाण्याच्या नावाचा अर्थ 'कुठे निघालीस' असा, आणि तो प्रश्न घेऊन यान निघालेलं. २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. आज ते आपल्यापासून सुमारे २५०० कोटी किलोमीटरवर आहे. माणसाने बनवलेली कुठलीच वस्तू याहून लांब गेलेली नाही.

जुन्या तबकड्या जपणाऱ्यांना आपण छांदिष्ट म्हणतो. मुंबईत १९९० साली अशा लोकांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू केली. एकत्र बसायचं, आपल्याकडची रेकॉर्ड लावायची आणि इतरांना ऐकवायची. आमच्या विंगमधल्या प्रश्नापेक्षा हे काही वेगळं नाही. पण खोक्यात पडलेली तबकडी कुणीतरी टाकून न दिल्यामुळेच अंतराळात गेली, हे लक्षात ठेवायला हवं. तुमच्या गावी माळ्यावर अशा तबकड्या असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा पुसून नाव वाचा. झाल्यास मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

माझी सध्याची यादी अशी: आधी नट कामोद, मग ललिता गौरी, आणि शेवटी भैरवी. शास्त्रीय संगीत कळत नाही म्हणून घाबरू नका, मलाही कळत नाही. पहिल्यांदा फक्त श्वास ऐका, आवाज कसा मोकळा, न थरथरता वर जातो ते ऐका. सगळी भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. व्हॉयेजरच्या तबकडीवर फक्त ५८ फेरे. मेसच्या रांगेत उभं राहून आरामात होते.