गुरुदेव रानडे : गूढ अनुभव आणि मनाचे आरोग्य

नामस्मरण करताना प्रकाश दिसला किंवा नाद ऐकू आला, तर तो आजार समजायचा का? अनेक कुटुंबांना हा प्रश्न पडतो. सांगलीत शिकवून गेलेल्या एका प्राध्यापकाच्या आयुष्यातून त्याचे उत्तर शोधता येते.

रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडीत झाला. १९०१ मध्ये, शाळेत असतानाच, त्यांनी जत तालुक्यातील उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतले. पुढे पुण्याचे फर्ग्युसन आणि सांगलीचे विलिंग्डन या महाविद्यालयांत त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले. प्रकृती नाजूक होती, तरी ध्यान आणि अध्यापन दोन्ही चालू राहिले. १९२६ मध्ये उपनिषदांवर, तर १९३३ मध्ये महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. ज्ञानेश्वरांपासून साताऱ्याजवळच्या सज्जनगडावरील समर्थ रामदासांपर्यंतचे संत त्यात आहेत. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ६ जून १९५७ रोजी निंबाळ येथे त्यांचे निधन झाले.

अनुभवाची कसोटी

रानडे स्वतः साधक होते, पण कोणताही अनुभव त्यांनी आंधळेपणाने खरा मानला नाही. अशा अनुभवाने बुद्धी, भावना आणि नीती यांचा विकास व्हायला हवा, असे त्यांचे मत होते.

मानसोपचारातही विचार साधारण असाच होतो. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने १९९४ मध्ये निदान-पुस्तिकेत धार्मिक किंवा आध्यात्मिक अडचण ही मानसिक आजाराहून वेगळी नोंद केली. चांगला समुपदेशक अशा अनुभवाला हसत नाही आणि त्याला चमत्कारही ठरवत नाही. तो शांतपणे ऐकतो आणि झोप, जेवण, काम, नातीगोती कशी आहेत ते विचारतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- कित्येक रात्री झोप नाही, जेवण सुटले आहे
- आवाज हुकूम देतात किंवा धमकावतात
- संशय, भीती किंवा आपण कुणी अवतार असल्याची खात्री वाढते आहे
- शुद्ध हरपते, झटके येतात
- स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचे विचार येतात

यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. सुरू असलेली औषधे स्वतःहून बंद करू नका. टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. उपचार घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही. नाम आणि औषध दोन्ही सोबत चालू शकतात.