रंगांच्या पट्ट्यांतून विश्लेषणाची वाट दाखवणारे त्स्वेत

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. येथील शेतकऱ्याला कीटकनाशकाची ओळख करून द्यावी लागत नाही. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पिकात, पाण्यात किंवा रक्तात कोणते विष आहे आणि ते किती आहे, हा प्रश्न तेव्हा साऱ्या राज्यासमोर उभा राहिला. अशा प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत बहुधा क्रोमॅटोग्राफी, म्हणजेच वर्णलेखन, या पद्धतीने शोधले जाते. संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या चढउताराच्या रेषेत ते दडलेले असते. या पद्धतीचे जनक मिखाईल त्स्वेत हे रसायनशास्त्रज्ञ नव्हते, वनस्पतिशास्त्रज्ञ होते.

त्स्वेत यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतील आस्ती या गावी झाला. वडील रशियन, आई इटालियन. जन्मानंतर लवकरच आईचे छत्र हरपले आणि त्यांचे बालपण स्वित्झर्लंडमध्ये गेले. जीनिव्हा विद्यापीठातून १८९६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली व त्याच वर्षी ते रशियात गेले. मात्र परदेशी पदवीला तेथे मान्यता नव्हती. त्यामुळे डॉक्टर झालेल्या या संशोधकाला १९०१ मध्ये कझान येथून पुन्हा मास्टरची पदवी घ्यावी लागली. पुढे वॉर्सा विद्यापीठात साहाय्यकाची साधी नोकरी मिळाली.

याच वॉर्सात त्यांच्या हातून मोठे काम झाले. पानांचा हिरवा रंग एकाच द्रव्याचा आहे की अनेक द्रव्यांचा, हे त्यांना शोधायचे होते. काचेच्या अरुंद नळीत त्यांनी खडूची बारीक भुकटी दाबून भरली, वरून पानांतील रंगद्रव्यांचे द्रावण ओतले आणि मग शुद्ध द्रावक सोडला. प्रत्येक द्रव्य भुकटीला कमीअधिक प्रमाणात चिकटत असल्याने ती वेगवेगळ्या गतीने खाली सरकली. नळीत हिरव्या व पिवळ्या रंगांचे स्वतंत्र पट्टे दिसू लागले. १९०३ मध्ये वॉर्सातील निसर्गअभ्यासकांच्या सभेत त्यांनी हे काम मांडले. १९०६ मध्ये जर्मन नियतकालिकात लिहिताना त्यांनी पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थही रंग असाच आहे, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा.

शास्त्रजगताने मात्र या शोधाचे स्वागत केले नाही. हरितद्रव्यावरील कामासाठी पुढे १९१५ चे नोबेल मिळवणारे रिचर्ड विल्श्टेटर यांना ही पद्धत भरवशाची वाटली नाही. नळीतील भुकटीमुळे रंगद्रव्येच बदलतात, असा आक्षेप होता. चुकीची भुकटी वापरली तर तसे घडतेच, हे त्स्वेत जाणून होते. म्हणूनच त्यांनी शंभरावर पदार्थ तपासून पाहिले होते. दोष पद्धतीत नव्हता, ती निष्काळजीपणे वापरण्यात होता.

त्यातच पहिले महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये वॉर्सा जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर त्स्वेत यांना संस्थेबरोबर मॉस्को व निझनी नोव्हगोरोद येथे जावे लागले. १९१७ मध्ये युर्येव विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले, पण पुढच्याच वर्षी तेही शहर जर्मनांनी घेतले. १९१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते. पारितोषिक मिळाले नाही. २६ जून १९१९ रोजी व्होरोनेझ येथे वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ग्रंथाचा जर्मन अनुवाद विल्श्टेटर यांनीच करवून घेतला होता. तो त्यांचे शिष्य रिचर्ड कून यांच्याकडे आला आणि १९३१ मध्ये कून यांच्या हायडेलबर्गमधील प्रयोगशाळेत ही पद्धत पुन्हा जिवंत झाली. तिचा नवा प्रकार शोधणाऱ्या मार्टिन व सिंज यांना १९५२ मध्ये नोबेल मिळाले.

आज त्स्वेत यांच्या डोळ्यांचे काम संवेदक आणि संगणक करतात. नळीतून बाहेर पडणारे द्रव्य संवेदक टिपतो आणि सॉफ्टवेअर त्या संकेताची वेळेनुसार रेषा काढते. रेषेवर शिखर किती मिनिटांनी आले यावरून द्रव्य कोणते याचा अंदाज येतो, तर शिखराखालील क्षेत्रफळावरून ते किती आहे हे कळते. दोन्हींसाठी ज्ञात प्रमाणाच्या नमुन्याशी तुलना करावी लागते. शिखराची पायारेषा कोठून धरायची, हे विश्लेषकाला बदलता येते. ती किंचित वरखाली झाली की आकडाही बदलतो आणि मर्यादेबाहेरचे विष मर्यादेत दिसू शकते. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, केव्हा व कोणता बदल केला याची पुसता न येणारी नोंद राहते. मूळ रेषाही जपून ठेवली जाते.

शंभर वर्षांपूर्वी भुकटीची निवड चुकली तर निष्कर्ष चुकत असे. आता पायारेषा चुकली तर चुकतो. विषाच्या तपासणीचा अहवाल हाती येतो तेव्हा त्यातील आकड्याबरोबरच मूळ रेषा, तुलनेचा नमुना आणि बदलांची नोंद यांचीही विचारणा व्हायला हवी. त्स्वेत यांनी आयुष्यभर पाळलेली काटेकोर शिस्त हीच होती.